स्लॅबमधलं भोक

पाहुणे आले की आम्ही बुलढाणेकर हमखास सांगतो, आमचं गाव थंड हवेचं. खोटं नाही ते. अजिंठ्याच्या रांगेवर, दोन हजार फुटांहून उंच वसलेलं हे गाव. इंग्रजांनीही मलकापूर-खामगावसारख्या बाजारपेठा खाली सोडून जिल्ह्याचं ठाणं इथं वर केलं. तरी नव्या घराच्या हॉलमध्ये लाकडं जाळायची विलायती शेकोटी हवी, हा माझा हट्ट हवामानातून आलेला नव्हता. तो आला होता सिनेमातून, आणि थोडा लहानपणी तांब्याच्या बंबापाशी बसून काढलेल्या पहाटांमधून. नकाशात दगडी चौकट काढून झाली होती. आरामखुर्ची कुठं ठेवायची, तेही ठरलं होतं.

स्लॅबच्या आदल्या दिवशी मिस्त्रीनं विचारलं, “सर, धुराड्याचं भोक ठेवाचं का नाई, आजच सांगा. मंग मी स्लॅब फोडनार नाई.”

भोक ठेवायचं म्हणजे नुसता चौकोन सोडायचा नसतो. तिथं सळया तोडाव्या लागतात, म्हणून भोवती जादा सळया बांधायच्या. पुढं त्याच सांध्यातून पाणी झिरपू नये याची काळजी वेगळी. त्यात विटांचं धुराडं जड आणि आमचा प्लॉट काळ्या मातीचा. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. धुराड्याचा पाया नीट घेतला नाही, तर ते एकीकडे खचणार आणि घर दुसरीकडे. मिस्त्री हे सगळं विडी विझवत, शांतपणे सांगत होता.

खर्चानं मी मागे हटलो नसतो. पण तोवर मी थोडं वाचलं होतं. लंडनच्या धुरकट शेकोट्या दुरुस्त करणाऱ्या काउंट रमफर्डनं १७९०च्या दशकातच सांगून ठेवलं आहे, की शेकोटी उथळ हवी, बाजूच्या भिंती तिरप्या हव्यात आणि धुराड्याचा गळा अरुंद हवा. म्हणजे धग खोलीत फेकली जाते आणि धूर वर जातो. एवढं करूनही उघड्या शेकोटीतल्या लाकडाची बरीचशी उष्णता आकाशातच जाते. आग पेटती ठेवायला खोलीतली हवा वर ओढली जाते आणि तिच्या जागी दाराखिडक्यांच्या फटींतून बाहेरचा गारठा आत येतो. तोंड भाजतं, पाठ गारठते.

आमचा बंब यापेक्षा शहाणा. त्याची नळी पाण्याच्या मधोमध जाते. तळाशी विस्तव, वर नळीतून ओढ, आणि तापलेला धूर बाहेर पडण्याआधी भोवतीच्या पाण्याला ऊब देऊन जातो. मूठभर काटक्यांत घरभराची अंघोळ व्हायची, ती त्यामुळं. बंबाच्या आठवणीवर मी हॉलमधली शेकोटी उभी करत होतो, आणि दोन्हींचं काम मात्र एकमेकांच्या उलट!

बायकोकडे हा विषय काढला तेव्हा ती तांदूळ निवडत होती. तिचं माहेर मोताळा तालुक्यातलं, लग्नापर्यंत रोजचा स्वयंपाक चुलीवर. “लाकडं कोन फोडन? राख कोन काढन? भिंती काळ्या झाल्या तं कोन पुसन?” तिनं मान वर न करताच विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या लहानपणच्या चुलीतून मला आठवते ती धग आणि राखेतला रोडगा. फुंकणी आईच्या हातात असायची.

तिच्या माहेरी निर्धूर चूलही होती, सिमेंटच्या पाइपाची. सुधारित चुलींचा तो राष्ट्रीय कार्यक्रम १९८३च्या सुमारास सुरू झाला, २००२ मध्ये बंद पडला. देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसल्या. तिच्या घरचा पाइप काजळीनं भरला, कुणी साफ केला नाही, आणि एक दिवस तो परसात कोथिंबिरीच्या वाफ्याला आडोसा झाला. धूर पुन्हा घरात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं घरातल्या अशा धुरानं २०२० मध्ये जगभरात सुमारे ३२ लाख माणसं गेली. तो आकडा मला आधीही ठाऊक होता, पण माझी शेकोटी त्यात कधी मोजलीच नव्हती; गरिबाची ती चूल आणि आपली ती सजावट, असा कप्पा डोक्यात होता. पाइपाची गोष्ट ऐकली आणि तो कप्पा मोडला.

जळणाचंही तसंच. कापसाच्या पऱ्हाट्या फुकट मिळतील, असा माझा हिशेब होता. पण त्या भडभडून जळतात आणि विझतात, विस्तव धरत नाहीत. शिवाय पऱ्हाट्यांची गंजी घराशी रचून ठेवली की तीत गुलाबी बोंडअळी तग धरते, म्हणून कृषी खातं त्या साठवू नका असं दरवर्षी सांगतं. बाभळीचं लाकूड उत्तम, पण वर्षभर वाळवायला जागा हवी. आणि ज्ञानगंगा अभयारण्याच्या बाजूनं डोक्यावर येणाऱ्या मोळ्या विकत घेऊन हॉलमध्ये शोभेला जाळणं मला जमलं नसतं. ती मोळी आणणारीची चूल पेटते, गॅसची टाकी परवडत नाही म्हणून.

संध्याकाळी मिस्त्रीला फोन केला. भोक रद्द. फक्त गच्चीवरच्या सोलर हिटरसाठी दोन नळ्या जातील एवढी वाट ठेवायला सांगितलं. तो म्हणाला, “बरं झालं, सर. गळलं असतं तं तुमी मलेच बोलले असते.”

दगडी चौकटीच्या जागी आता पुस्तकांचं कपाट आहे. जानेवारीत एखाद्या रात्री मला शेकोटी अजूनही हवीशी वाटते, हे नाकारत नाही. रोडगे अंगणात होतात, उघड्यावर. बायकोची अट एवढीच, की गोवऱ्या मी आणायच्या आणि राखही मीच काढायची.