नावापुढची अक्षरं

परवा दोन दिवसांची रजा टाकून हिंडलग्याला जाऊन आलो. अर्जावर गावाचं नाव वाचून कचेरीतल्या एका सहकाऱ्याने लगेच विचारलं, "काय गुन्हा केलास बाबा?" हिंडलगा म्हटलं की बाहेरच्यांना तिथलं मध्यवर्ती कारागृहच आठवतं! आमच्यासाठी मात्र ते आईचं माहेर. बेळगावला चिकटून, वेंगुर्ल्याच्या रस्त्यावर.

मामांच्या नातीचं लग्न ठरलंय. पत्रिकेचा कच्चा मसुदा छापखान्यातून आला होता. मामा म्हणाले, "तू मराठी घेऊन बी.ए. झालास, जन्म कागद तपासण्यात गेला. शुद्धलेखन तूच बघ."

मी लाल पेन घेऊन बसलो. वधूपुढे बी.एस्सी., बी.एड., वरापुढे बी.ई. इथपर्यंत ठीक. पण खाली निमंत्रकांची रांग लागली आणि प्रत्येकाला शेपूट! एकाला एम.ए. (भाग १). एका काकांना पुढे डॉ. आणि मागे एम.बी.बी.एस. शिवाय त्या डॉ.च्या आधी श्री. होतंच. आता पत्रिका वाचून कुणी नाडी दाखवायला येणार आहे का?

मंडळी, याचेही काही संकेत आहेत. पदव्या लिहायच्या तर चढत्या क्रमाने. त्याच विषयात एम.ए. झालात तर बी.ए. लिहायची गरज नाही. नावाआधी डॉ. असेल तर श्री. नको, आणि पुढे पीएच.डी.ही नको; दोन्हींपैकी एकच. अर्धवट राहिलेली पदवी ही पदवी नव्हे. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, जिथे त्या पदवीवर वाचणाऱ्याचं काही अवलंबून असेल तिथेच ती लिहावी. डॉक्टरच्या पाटीवर हवी, वकिलाच्या पाटीवर हवी. घरच्या कार्याच्या पत्रिकेवर कशाला?

आपल्या राज्यघटनेच्या कलम १८ ने किताब बंद केले, पण लष्करी आणि शैक्षणिक बिरुदं तेवढी वगळली. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने तर पद्म पुरस्कारही नावाच्या मागे-पुढे लावू नयेत असं सांगितलं. म्हणजे पद्मश्रीला जी मुभा नाही ती आमच्या बी.ए.ला आहे. ती जपूनच वापरायला नको का?

हे सगळं मी मामांना ऐकवलं. वर इतिहासही सांगितला. मुंबई विद्यापीठ १८५७ सालचं. १८६२ साली त्याचे पहिले बी.ए. झाले ते चौघे. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण भांडारकर त्यांतलेच. तेव्हा बी.ए. ही बातमी होती. आज गल्लीत चार निघतील. आणि आमच्या गोव्याचे धर्मानंद कोसंबी? सांखवाळचा माणूस, कॉलेजात शिकलेला नाही, पण फर्ग्युसनमध्ये पाली शिकवली आणि ग्रंथसंपादनासाठी हार्वर्डला बोलावणं आलं. त्यांच्या नावापुढे कुठे काय होतं?

मामा शांतपणे ऐकत होते. चाळीस वर्षं शाळेत काढलेला माणूस. मग म्हणाले, "कोसंबींना गरज नव्हती रे. आम्हाला होती की." आणि उठून माळ्यावरून एक लाकडी पाटी काढून आणली. हिरवा रंग, पांढरी अक्षरं, बरीचशी उडालेली. मामांचं नाव आणि पुढे बी.ए. १९७२ साली रंगवून घेतलेली.

"मी धारवाडच्या विद्यापीठाचा बी.ए. झालो. कॉलेज बेळगावात, जाणं-येणं सायकलवरून. ही पाटी मी नाही केली. तुझ्या आजोबांनी करून घेतली."

आजोबा शेतकरी. अंगठा उठवायचे. पेंटरकडून त्यांनी विचारून घेतलं होतं, यातलं 'बी.ए.' कुठलं ते. रोज सकाळी शेतावर जाताना धोतराच्या सोग्याने तेवढीच दोन अक्षरं पुसायचे. साऱ्या जगातली तेवढीच दोन अक्षरं त्यांना वाचता येत होती.

मी गप्प.

"आणि आणखी एक सांगतो बघ," मामा म्हणाले. "दोघांना शिकवायला घरात पैसा नव्हता. अक्काची शाळा सातवीत सुटली. हुशार होती माझ्यापेक्षा. पाटीवर नाव माझं लागलं, पण ते बी.ए. काय माझ्या एकट्याचं न्हवं."

अक्का म्हणजे माझी आई. सातवीनंतर शाळा सुटली एवढं ती सांगायची. का सुटली ते तिने कधी सांगितलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मीही कधी विचारलं नव्हतं.

संकेत माझे बरोबरच आहेत, असं मला आजही वाटतं. श्री. आणि डॉ. एकत्र नकोतच, मी त्यातलं श्री. खोडलं. एम.ए.चा भाग १ सुद्धा मामांच्या संमतीने गेला. पण बाकीची शेपटं राहू दिली. कुठलं शेपूट मिरवण्यासाठी आणि कुठलं कुणाच्या तरी सुटलेल्या शाळेची पावती, हे लाल पेनाला कसं कळणार?

शेवटच्या ओळींत गोव्याची मंडळी होती. माझ्या नावापुढे मामांनी आठवणीने बी.ए. घातलं होतं. त्याच्या वरच आईचं नाव. त्यापुढची जागा कोरी.

पेन बंद करून मसुदा मामांच्या हातात दिला.