उद्या दूध किती वाजता?

सरकारी आदेशाची मांडणी ठरलेली असते. वर संदर्भांची यादी, मग 'ज्याअर्थी', मग 'त्याअर्थी', आणि ज्या एका ओळीसाठी तो कागद निघाला ती ओळ बहुधा दुसऱ्या पानाच्या तळाशी. १३ मार्च २०२० रोजी कोरोनाच्या साथीमुळे राज्य सरकारने मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड अशा शहरांत साथरोग कायदा लागू केल्याचं जाहीर केलं आणि असे कागद आमच्या वाकडात रोज, कधी दिवसातून दोनदा, मोबाइलवर येऊ लागले. कायदा १८९७ चा, प्लेगच्या काळातला. भाषेचा बाजही साधारण तेव्हाचाच.

माझा धंदा उपसंपादकाचा. दुसऱ्यांच्या बातमीची शेवटची ओळ उचलून पहिली करायची, यातच उमेद गेली. त्यामुळे आसपासच्या सोसायट्यांच्या सचिवांनी "रोज एक मजकूर बनवून द्या, आम्ही आपापल्या ग्रुपवर टाकतो" म्हणून गळ घातली तेव्हा काम ओळखीचं वाटलं. ते तसं नव्हतं. दैनिकातला वाचक बातमी वाचून बाजूला ठेवतो. इथला वाचक मजकूर वाचून चपला घालणार होता.

काही दिवसांतच आणखी एक गोष्ट घडली. १८ एप्रिलला राज्य सरकारने घरोघर वृत्तपत्र टाकायला मनाई केली. छापायला हरकत नव्हती, पण पुण्या-मुंबईकडे पेपर दारात येणं थेट जूनपर्यंत थांबलं. इतकी वर्षं मी त्याच पेपरच्या आतल्या पानांवर 'शहरात आज' असलं सदर लावत आलो होतो, आणि ते सदर ज्या महिन्यांत खरोखर जीवनावश्यक झालं नेमकं त्याच महिन्यांत दारात येईना. मधली जागा पुढे ढकललेल्या मेसेजांनी भरून काढली. उद्यापासून लष्कर येणार, रात्री विमानातून औषध फवारणार, दारं-खिडक्या बंद ठेवा. शिळ्या कढीला ऊत आणणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं: पंधरा दिवसांपूर्वीचा खराखुरा आदेश, सही-शिक्क्यासह, फक्त वरची तारीख कापलेली. खोटी बातमी पकडता येते. खरी पण मुदत संपलेली बातमी पकडणं अवघड, कारण तिच्यावर शिक्का असतो.

म्हणून पहिला नियम ठरला: तारीख सगळ्यात वर, आणि तिच्याखाली 'कधीपर्यंत लागू'. दुसरा नियम, पहिल्या ओळीत उद्या काय बदलणार एवढंच. काही बदलणार नसेल तर तसंही लिहायचं. 'आज नवीन आदेश नाही' ही ओळ मी दैनिकात कधी लिहिली असती तर वृत्तसंपादकाने मला दारूच्या वासासाठी हुंगलं असतं. इथे लोक तिचीच वाट पाहत.

वाकड हा एक वाचक नाही, हे आधी नीट उमगावं लागलं. १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलेलं हे गाव. म्हातोबाच्या देवळाभोवतीचं जुनं वाकड, कस्पटे वस्ती, हिंजवडीच्या कंपन्यांसाठी उठलेले टॉवर, काळाखडकची झोपडपट्टी आणि अर्धवट इमारतींच्या पायथ्याशी मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या. टॉवरमधल्याला हवं असे प्रवासाच्या ई-पासचं. मजुराला हवं असे की गावी जायच्या गाडीसाठी नाव कुठे नोंदवायचं. आणि गावातले एक आबा मला रोज संध्याकाळी फोन करत: "साहेब, ते झोन-बिन राहू द्या. उद्या दूध किती वाजता, तेवढं सांगा." एप्रिलच्या उत्तरार्धात अख्खं शहर प्रतिबंधित क्षेत्र म्हणून जाहीर झालं, किराणा-भाजीला मोजके तास उरले, तेव्हा आबांचा प्रश्न हीच माझी पहिली ओळ झाली. पुढे काहीही लिहिताना मी आधी त्यांचा फोन येणार असं धरून लिहीत असे.

कसब सगळ्यात जास्त लागलं ते जूनमध्ये. राज्याच्या 'पुनश्च हरिओम' या निर्बंध सैल करण्याच्या मोहिमेत ५ जूनपासून दुकानं सम-विषम पद्धतीने उघडायची होती: रस्त्याच्या एका बाजूची एका दिवशी, समोरची दुसऱ्या दिवशी. कागदावर हे सोपं वाटतं. पण दत्त मंदिर रस्त्यावर उभं राहून विचारा, 'एक बाजू' म्हणजे कुठली? पूर्व-पश्चिम कोणी ओळखत नाही. पूर्व माहीत असते ती वास्तुशास्त्रवाल्यांना आणि फ्लॅट विकणाऱ्यांना. 'डावी बाजू' म्हणावं तर कुणाची डावी? येणाऱ्याची की जाणाऱ्याची? मी आधी रस्ता चालून आलो आणि मग लिहिलं: 'महामार्गाकडे तोंड करून उभे राहा. डाव्या हाताची दुकानं उद्या उघडी.' कोपऱ्यावरची दुकानं, ज्यांना दोन्ही रस्त्यांना शटर आहे, ती निराळी विचारावी लागली. पिठाची गिरणी निराळी, कारण तिला हे सम-विषम लागू होतं की नाही यावर दोन दुकानदारांचं एकमेकांशी जुंपलं होतं. उघडी असेल असं वाटतं, म्हणून लिहायचं नाही. गिरणीवाल्याला फोन करायचा आणि मग लिहायचं. एका ओळीला चार फोन लागत. बातमीदारी यापेक्षा फार वेगळी असते असं मला वाटत नाही, फक्त इथे नावाखाली ओळ छापून येत नाही.

न लिहिण्याचं कसब त्याहून कठीण. सुरुवातीच्या महिन्यांत महापालिकेच्या रोजच्या प्रसिद्धिपत्रकात नव्या रुग्णांच्या परिसरांची नावं असत. यादीत 'वाकड' आलं की ग्रुप पेटे. कुठली सोसायटी? कुठली विंग? परदेशातून आलेत का? उपसंपादकाचा हात इथे खाजतो. तपशील वाढला की बातमी चांगली होते, हेच शिकलेलो. पण शेजाऱ्याला त्या नावाचं करायचं काय होतं? त्याला लागतं ते वेगळं: कुठली लिफ्ट बंद आहे, कुठल्या दाराने जायचं, त्या मजल्याचा कचरा वेगळा कोण नेणार, आणि त्या घरात भाजी कोण पोचवणार. मी एवढंच लिहीत असे. ज्यांच्या डाव्या हाताच्या मागे विलगीकरणाचा शिक्का बसला होता त्यांची नावं वॉचमनकडून दहा मिनिटांत सगळीकडे जात, ते मला थांबवता आलं नाही. पण लेखी कागदावर, माझ्या मजकुरात, ती कधी आली नाहीत.

याच सुमारास एक टूम निघाली. सोसायटीच्या कमिटीला मावशींना, ड्रायव्हरला, कुरिअरवाल्याला आत घ्यायचं नसे आणि मग नोटिशीवर 'शासनाच्या आदेशानुसार' असं ठोकून दिलं जाई. त्या काळात कुणाला कशाची खात्री नव्हती, त्यामुळे ते खपूनही जाई. मी हट्ट धरला की मजकुराचे दोन भाग करायचे: सरकारने सांगितलेलं वर, कमिटीने ठरवलेलं खाली, आणि खालच्या भागावर कमिटीचं नाव. काही सचिव नाराज झाले. एकांनी माझा मजकूर टाकणंच बंद केलं. पण ज्या सोसायट्यांनी हे पाळलं तिथे मावशी लवकर कामावर आल्या, कारण खाली नाव लिहायची वेळ आली की कमिटीचा उत्साह बराच कमी होतो.

जुलैच्या टाळेबंदीबद्दल एकच सांगतो. १४ ते २३ जुलै, त्यातले पहिले पाच दिवस किराणासुद्धा बंद, फक्त दूध आणि औषधं. जाहीर झालं १० तारखेला. तीन दिवसांत सगळ्यांनी दहा दिवसांचं सामान भरायचं ठरवलं आणि जी गर्दी टाळायची तीच झाली. त्या दिवसांत '१९ पासून किराणा पुन्हा मिळेल' ही ओळ मी सगळ्यात वर घेतली. भीती बंदीची नसते, ती किती दिवसांची हे न कळण्याची असते.

पाण्याचं तर कौतुकच. नोव्हेंबर २०१९ पासून शहरात दिवसाआड पाणी. चार महिन्यांनी देशभर सांगणं सुरू झालं की वारंवार हात धुवा. आमच्या टॉवरमध्ये टाक्या आणि टँकर होते; बैठ्या चाळीत पिंप होतं. 'उद्या पाणी आहे' ही ओळ त्या वर्षी साबणाइतकीच आरोग्याची होती, आणि ती मी कधी चुकवली नाही.

२०२१ मध्ये लस आली तेव्हा मोबाइलवरच्या मजकुराची मर्यादा दिसली. १ मार्चला साठीच्या पुढचे, १ एप्रिलला पंचेचाळिशीच्या पुढचे, १ मेपासून अठरा ते चव्वेचाळीस. शेवटच्या गटाला नोंदणी ऑनलाइनच, आणि कोविनचं संकेतस्थळ जूनपर्यंत इंग्रजीत. लस बनत होती पुण्यातच, मांजरीला. पण ती मिळायला लॅपटॉप आणि चपळ बोटं लागत. टॉवरमधली पोरं लांबच्या केंद्रांवरसुद्धा स्लॉट पकडत. काळाखडकात माझा मेसेज पोचायचाच नाही. तिथे भोंगा लावलेली रिक्षा फिरवायची ठरली आणि मला पहिल्यांदा कानासाठी लिहावं लागलं. रिक्षा दारासमोर क्षणभर असते, ऐकणारा मधल्याच कुठल्या तरी शब्दापासून ऐकू लागतो. म्हणून वाक्यं तोकडी, ठिकाण दोनदा, वेळ दोनदा, 'आधार कार्ड आणा' दोनदा. 'नागरिकांना आवाहन करण्यात येते की' एवढं बोलेपर्यंत रिक्षा पुढच्या गल्लीत गेलेली असते. तेव्हापासून ते शब्द मी कायमचे सोडले.

हे सगळं लिखाण दुसऱ्या दिवशी फेकून देण्यासाठीच होतं आणि ते तसं गेलंही. फोन बदलले, ग्रुप मोडले. मोठ्या बातम्या दप्तरांत आहेत: कुठलं रुग्णालय कोविडसाठी दिलं, नेहरूनगरच्या मगर स्टेडियमवर जम्बो रुग्णालय कधी उभं राहिलं. पण मे महिन्यात वाकडात दूध किती वाजता मिळे, कुठली गिरणी कुठल्या दिवशी चालू होती, काळाखडकात रिक्षा काय ओरडत गेली, याचा कागद कुठेच नाही. तुमच्या सोसायटीच्या कपाटात त्या दोन वर्षांच्या नोटिसांची फाईल पडली असेल तर ती रद्दीवाल्याला देऊ नका. आणि उद्या नवी नोटीस लावाल तेव्हा वर तारीख घाला, खाली 'कधीपर्यंत' लिहा, आणि निर्णय कमिटीचा असेल तर कमिटीचं नाव टाका.