चिखलणीनंतर ट्रॅक्टरचं तेल बघतो, गाडीचं कोण बघणार?



फोटोतल्या घमेल्यात जे दिसतंय तो चहा नाही. आमच्या २००९ च्या आल्टोच्या गिअरबॉक्समधून निघालेलं तेल आहे. चांगलं गिअर तेल मधासारखं असतं, जुनं झालं की काळपट होतं. दुधाच्या चहासारखं झालं म्हणजे त्यात पाणी शिरलं. ट्रॅक्टरवाल्यांना हे सांगायची गरज नाही. चिखलणीच्या दिवसांत आपण सगळ्यांनीच हा रंग कधी ना कधी बघितलाय. मी मात्र तो घरच्या गाडीत बघितला, आणि तोही उशिरा बघितला. म्हणून हे लिहितोय.

भाऊबीजेला आईला घेऊन बहिणीकडे खर्डीला निघालो होतो. मागे हळव्या भाताचे तांदूळ, नवा गूळ, थोडी भाजी. कसारा घाट उतरायला लागलो. हा घाट आपल्या पायाखालचा, पण उतार उतारच असतो. रेल्वेचा चढ इथे सदतीसला एक आहे, गाडीला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. आपण रस्त्याने उतरताना काय करतो? गिअर खाली आणतो, इंजिनाने गाडी धरतो, ब्रेक जपून वापरतो. मीही तेच करायला गेलो. तिसऱ्यातून काढला, दुसरा टाकायला गेलो. पडेना. नुसती करकर. पुन्हा दाबलं, पुन्हा करकर. गाडी न्यूट्रलमध्ये, पुढे कंटेनर, मागे एसटी.

ब्रेकवर गाडी आवरली. वास यायला लागला. मग क्लच सोडून न्यूट्रलमध्येच जरा रेस दिली, परत क्लच दाबला, तेव्हा कुठे दुसरा बसला. सगळं मिळून दहा-पंधरा सेकंद गेले असतील. आई काही बोलली नाही. कसाऱ्याला गाडी बाजूला घेतली तेव्हा एवढंच म्हणाली, "तुझा ट्रॅक्टर बरा, आवाज तरी करून सांगतो."

आवाज गाडीनेही केला होता, मीच ऐकला नव्हता. सप्टेंबरपासून सकाळी पहिल्यांदा निघताना दुसरा गिअर अडायचा. मी म्हणायचो, गाडी म्हातारी झाली.

परत आल्यावर एका गॅरेजला दाखवली. न उघडताच निदान झालं: "गिअरबॉक्स खोलावा लागेल, अठरा-वीस हजार धरून चाला." सोंगणी अर्धी बाकी, मजुरी द्यायची, गरवं भात अजून उभं. गाडी घरी आणून लावली. दोन दिवस विचार केला की विकून टाकावी. मग डोक्यात आलं, ट्रॅक्टरचा गिअर असा वागला असता तर मी आधी काय केलं असतं? तेल बघितलं असतं. गाडीचं गिअर तेल मी कधी बघितलं होतं? घेतल्यापासून एकदाही नाही. इंजिन ऑइल दरवर्षी बदलतो, पण गिअरबॉक्सला ना दांडी असते बघायला, ना डॅशबोर्डवर दिवा. ते तेल जळत नाही, कमी झालं तर सांगत नाही. विसरायला अगदी सोयीचं.

पाणी शिरलं कसं?

आठवलं. ऑगस्टमध्ये घोटीहून येताना ओढ्याच्या फरशीवर पाणी होतं. चाकाच्या मधल्या टोपीच्या वर गेलं, गाडी मध्येच बंद पडली. पाऊण तास तिथेच उभी. नंतर ढकलून काढली, प्लग पुसले, चालू झाली, विषय संपला असं वाटलं.

गिअरबॉक्स चालून तापलेला असतो. आतली हवा गरम असते. तो अचानक गार पाण्यात बुडाला की हवा आकसते आणि बाहेरचं ओढून घेते. वरच्या श्वासनळीतून म्हणा, चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या जुन्या ऑइल सीलमधून म्हणा. चिखलणीत ट्रॅक्टरच्या मागच्या ॲक्सलला हेच होतं. या गाडीत गिअर आणि डिफरन्शियल एकाच घरात आहेत, दोघांना एकच तेल. म्हणजे पाण्याने दोन्हींचं नुकसान.

गिअर अडायचं कारणही यातच आहे. दोन गिअरचा वेग जुळवायला आत पितळी रिंग असते, तिला सिंक्रो म्हणतात. ती घासून वेग सारखा करते, मग गिअर गपकन बसतो. तेलात पाणी मिसळलं की त्याचा थर नीट राहत नाही, रिंग झिजते, पकड जाते, दात दातावर आपटतात. तीच करकर.

काय केलं, त्याच क्रमाने

आधी तेल ठरवलं. खरं सांगतो, शेडमध्ये ट्रॅक्टरच्या तेलाचा कॅन अर्धा होता आणि तोच ओतायचा मोह झाला. घोटीच्या स्पेअर पार्टवाल्याने अडवलं. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "जीएल किती लिहिलंय?" मी ८०-९० हा आकडाच बघत आलोय. तो आकडा नुसता जाड-पातळपणाचा. जीएल-४ आणि जीएल-५ हा वेगळा हिशोब. जीएल-५ मध्ये जड दाबासाठी गंधक-फॉस्फरसची औषधं जास्त असतात, ती काही तेलांत पितळेला खातात. शिवाय तेल इतकं निसरडं असतं की सिंक्रोला घासून पकड घेता येत नाही. ट्रॅक्टरच्या तेलात ओल्या ब्रेकचा आणि हायड्रोलिकचा विचार केलेला असतो, तोही इथे उपयोगाचा नाही. जुन्या छोट्या गाडीला तिच्या पुस्तकात दिलेला ग्रेड आणि जीएल-४, एवढं धरून चाला. माझ्याला ७५डब्ल्यू-९० जीएल-४ घेतलं.

गाडी दहा किलोमीटर फिरवून आणली. तेल कोमट झालं की पातळ होतं आणि तळाची घाण सोबत घेऊन येतं. फार गरम असताना हात घालू नका.

मग सपाट जागेवर चारही चाकं सारखी उचलली. गाडी तिरकी असेल तर तेलाची पातळी चुकते. जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. मी ट्रॉलीखाली लावतो ते सागाचे ओंडके चारी बाजूंना घातले आणि गाडी हलवून बघितली. सिमेंटचे पोकळ ब्लॉक लावू नका, ते न सांगता फुटतात.

आता महत्त्वाचं. आधी भरायचा नट उघडा, मग खालचा. खालून सगळं तेल सोडून दिलं आणि वरचा नट गंजून बसलेला निघाला तर गाडी तिथेच अडकली. माझा नट खरंच बसला होता. गंज सुटायचं औषध मारून रात्रभर ठेवला, सकाळी सुटला. पाना घट्ट बसणारा घ्या, कडा गोल झाल्या की काम वाढतं.

खालचा नट सोडला आणि घमेल्यात चहा पडला. नटावर आणि बोटांवर राखाडी मऊ लेप आला. एवढ्या वयात तो चालतो. चकाकणारे तुकडे, टोकदार कण किंवा दाताचा कपचा निघाला असता तर पुढचं काम मी केलंच नसतं, सरळ खोलायला दिला असता. घमेल्यात चुंबक फिरवून बघितलं, फक्त बारीक कीस.

शंका राहू नये म्हणून एक जुना तवा चुलीवर तापवला आणि त्या तेलाचा एक थेंब टाकला. तडतडला. नव्या तेलाचा थेंब टाकला, तो गप्प पसरला. पाणी असेल तरच तडतड होते. हे करायचं तर बाहेर करा, थेंबच टाका, चेहरा लांब ठेवा आणि तो तवा पुन्हा घरात नेऊ नका.

खालच्या नटाला नवीन वॉशर टाकून बसवला. गिअरबॉक्सचं घर ॲल्युमिनियमचं असतं, ताकद दाखवली तर आटे जातात. भरताना ठिबकची १२ मिमीची नळी कामाला आली. एक टोक वरून बॉनेटमधून नरसाळ्याला, दुसरं भरायच्या छिद्रात. तेल घट्ट, थेंबथेंब उतरतं, अर्धा तास गेला. छिद्राच्या खालच्या कडेला तेल येऊन बाहेर पडायला लागलं की थांबायचं. दोन लिटरच्या थोडं वर बसलं.

फरक पडला का?

पडला, पण जादू नाही. पहिल्याच दिवशी करकर निम्म्यावर आली. आत राहिलेलं पाणी नव्या तेलात मिसळणार हे माहीत होतं, म्हणून दीडशे किलोमीटर चालवून तेल परत काढलं. दुसऱ्या खेपेला गढूळ निघालं, पण चहा नव्हता. त्याच वेळी फिटरकडून दोन्ही बाजूंची ऑइल सील बदलून घेतली आणि पुन्हा नवं भरलं. तेल आणि वॉशर मिळून दोन हजारांच्या आसपास गेले, सील आणि मजुरी वेगळी.

आता गाडी गरम झाली की दुसरा गिअर सहज पडतो. सकाळच्या गारठ्यात, पहिल्या एक-दोन वेळा, अजून अडतो. झिजलेली पितळी रिंग तेल बदलून परत येत नाही. ऑगस्टमध्येच नट उघडला असता तर ती वाचली असती. ते तीन महिने माझे. गिअरबॉक्स कधीतरी खोलावा लागेलच, पण या हंगामात नाही, आणि काय झालंय ते आता मला माहीत आहे.

मला चीड याची आली की मी या बाबतीत अडाणी नव्हतो. जुलैत आवणी आटोपली की मी ट्रॅक्टरचं तेल बघितल्याशिवाय शेडमध्ये लावत नाही. वडिलांनी लावलेली सवय आहे. कारण ट्रॅक्टर आपण पाण्यात मुद्दाम घालतो, आठवण राहते. गाडी पाण्यात गेली तर आपण म्हणतो, निघाली एकदाची. आणि ट्रॅक्टर बिघडला तर गाळात उभा राहतो. गाडी बिघडते तेव्हा तिच्यात घरची माणसं असतात, आणि आपल्याकडे कुठेही जायचं म्हटलं की घाट आलाच.

गाडीच्या पुस्तकात गिअर तेल बदलायचं अंतर दिलेलं असतं. ते पाळाच. पण ते अंतर फरशीवरच्या पाण्याचा हिशोब धरून दिलेलं नाही. चाकाच्या मधल्या टोपीपर्यंत पाणी लागलं आणि गाडी त्यात थांबली, तर किलोमीटर मोजू नका. त्याच आठवड्यात भरायचा नट उघडा, बोट घाला, रंग बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

शेवटी त्या निघालेल्या तेलाचं. बांधावर किंवा ओढ्यात ओतू नका. कुंपणाच्या डांबांना वाळवीसाठी फासायची पद्धत आपल्याकडे आहे, पण पावसाने ते धुऊन खाचरातच उतरतं. दारणा, भावली, मुकणे, वैतरणा ही सगळी धरणं आपल्याच तालुक्यात आहेत, आपल्या ओढ्यात टाकलेलं कोणाच्या तरी पिण्यात जातं. मी कॅनमध्ये भरून, झाकण लावून जुनं तेल घेणाऱ्या गॅरेजला दिलं.

काल आईला घेऊन परत खर्डीला जाऊन आलो. घाटात दुसरा टाकला, बसला. आईने पिशवीवरचा हात काढला नाही, पण खिडकीबाहेर बघत होती. गरव्याची सोंगणी सोमवारपासून. भेटू.