लाखेची उधारी

1997 च्या मे महिन्यात जबलपूरला, आमच्या कांचघरच्या अंगणात एक खराद, म्हणजे लाकूड कातायचा लेथ, येऊन उतरला आणि चार महिने राहिला. आज मी लाकडी वाडग्यांवर जो काही रंग चढवते, तो त्या चार महिन्यांचा आहे. त्याआधी मी रंग लावत होते. चढवणं आणि लावणं यात काय फरक असतो हे मला तोवर कुणी दाखवलं नव्हतं.

बाबा जीसीएफमध्ये, म्हणजे गन कॅरेज फॅक्टरीत, टर्नर होते. जबलपुरात हा कारखाना 1904 पासून आहे आणि आमच्या घरात तो दोन पिढ्या होता. 1995 साली निवृत्त झाल्यावर त्यांना स्वस्थ बसवेना. आयुष्यभर पोलाद कातलेल्या माणसानं भंगारातून जुळवाजुळव करून लाकडासाठी छोटा लेथ बांधला आणि वाडगे कातायला लागले. सागाचे, शिसवीचे, मिळेल त्या तुकड्याचे. मी तेव्हा चोवीस वर्षांची. मला चित्रं काढता येत होती, म्हणून रंगाचं काम माझ्याकडे. डब्यातला ऑइल पेंट, बारीक ब्रश, वर वॉर्निश. फुलं, कोयऱ्या, हंस. प्रदर्शनात लोक कौतुक करायचे. नागपूरच्या एका दुकानदारानं चाळीस वाडगे मागवले आणि 1997 च्या एप्रिलात छत्तीस परत पाठवले. पेटी उघडली तेव्हा तळाशी रंगाचे पापुद्रे साचले होते, भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखे. लाकूड पुरतं वाळलेलं नव्हतं, साग मुळातच तेलकट, आणि मी त्याच्या अंगावर एक कातडी चिकटवली होती. लाकूड आक्रसलं, कातडी सुटली. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी पेटीचं झाकण लावलं आणि ती माळ्यावर टाकली.

22 मेच्या पहाटे, सव्वाचार वाजून गेले असतील, जबलपूर हादरलं. 5.8 चा भूकंप. उन्हाळ्यामुळे आम्ही अंगणात खाटांवर झोपलो होतो, म्हणून वाचलो असं आजी शेवटपर्यंत म्हणत असे. उजाडल्यावर बाबा सायकल काढून ओळखीच्यांच्या घरी फिरून आले आणि दुपारी एका हातगाडीबरोबर परतले. गाडीवर खराद, मोटर, हत्यारांची गोणी. मागून एक सत्तरीचे सडपातळ गृहस्थ, खांद्यावर गमछा, हातात फक्त एक पत्र्याचा डबा. त्यांच्या दुकानाची मागची भिंत खराद सोडून बाकी सगळ्यावर पडली होती. बाबा त्यांच्याकडून खाटेचे पाय कातून घ्यायचे, एवढीच ओळख.

"भिंत उभी राहीपर्यंत मिस्त्री इथेच काम करतील," बाबा म्हणाले.

मिस्त्री मूळचे बुधनीचे. नर्मदेच्या उत्तर तीरावर, तेव्हाच्या होशंगाबादच्या समोर, लाखेच्या रंगीत खेळण्यांसाठी ओळखलं जाणारं गाव. तिथे दुधीचं लाकूड वापरतात. आपल्याकडे त्या झाडाला काळा कुडा म्हणतात. फांदी तोडली की पांढरा चीक येतो, आणि लाकूडही तसंच, हस्तिदंतासारखं पांढरं, बारीक वीण असलेलं. मिस्त्रींनी पहिल्याच आठवड्यात माझे सागाचे वाडगे हातात घेऊन पाहिले. त्यांना नावं ठेवली नाहीत. फक्त म्हणाले, "बिटिया, काली दीवार पर चाँदनी कहाँ दिखेगी."

तो पत्र्याचा डबा त्यांनी भिंतीखालून सर्वांत आधी का बाहेर काढला, ते त्यांनी तो उघडल्यावर कळलं. आत लाखेच्या कांड्या होत्या. लाल, पिवळ्या, हिरव्या, काळ्या, वीतभर लांब, बोटाएवढ्या जाड. शिवनी-बालाघाटकडची लाख. पळसाच्या आणि कुसुमाच्या फांद्यांवर बारीक किडे रस शोषतात आणि स्वतःभोवती राळेचं कवच करतात, ती ही लाख. चिनी-जपानी लाखकाम वेगळं, ते झाडाच्या चिकाचं. आपलं सगळं त्या किड्याचं. ती निखाऱ्यावर मऊ करायची, रंग घालून मळायची, पाकासारखी ओढायची, पुन्हा दुमडायची, पुन्हा ओढायची, कांडीचा रंग आतून-बाहेरून एक होईपर्यंत. लाखेचा स्वतःचा रंग मधासारखा असतो, त्यामुळे निळा घातला तर हिरवटच दिसायला लागतो. खरा निळा हवा असेल तर खाली आधी पांढरा थर द्यावा लागतो. हे मला त्यांनी सांगितलं नाही. माझी निळी कांडी हिरवी झाली तेव्हा त्यांनी फक्त सफेद कांडी पुढे सरकवली.

पहिल्यांदा त्यांनी रंग चढवताना पाहिलं ते एका भोवऱ्यावर. फिरत्या लाकडाला लाल कांडी टेकवली. क्षणभर काहीच नाही, नुसता कोरडा खरखर आवाज. मग आवाज बसला. खर्जात गेला म्हणा. घर्षणानं लाख वितळली होती आणि लाकडाला धरत होती. जळत्या साखरेसारखा, थोडा धूपासारखा वास आला. लाल रंग आधी तुटक ठिपक्यांनी बसला, मग त्यांनी वाळलेल्या केवड्याची पात दुमडून त्यावर दाबली आणि सगळे ठिपके एकमेकांत मिसळून आरशासारखे झाले. शेवटी चिंधीवर तिळाच्या तेलाचा थेंब. ना ब्रश, ना वॉर्निश, ना वाळायची वाट. भोवरा काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवला. तो अजून कोमट होता.

त्याच दिवशी आजीनं आपला करंडा आणून त्यांच्यापुढे ठेवला. आजीचं माहेर सावंतवाडीचं. चितारआळीतला तो करंडा लग्नात तिच्याबरोबर आला होता. खाली मेण, वर कुंकू, बाहेरून लाल-पिवळे फेर. झाकणाच्या काठाचा टवका उडाला होता. आजीला हिंदी धड येत नसे आणि मिस्त्रींना मराठी मुळीच नाही. त्यांनी करंडा नखानं टोकरला, नाकाशी धरला आणि म्हणाले, "अम्मा, ये तो हमारे ही घर का काम है." सावंतवाडी कुठे, बुधनी कुठे. त्यांनी झाकण खरादावर चढवलं, जुन्या लालच्या जवळ जाईल असा रंग तीन कांड्या एकत्र मळून तयार केला आणि तेवढ्याच काठावर भरला. आजीनं त्यांना पितळी पेल्यात चहा दिला. तो पेला ती फक्त मुलांना आणि जावयांना देत असे. मिस्त्रींना ती शेवटपर्यंत "आमचे कातारी" म्हणायची.

माझा अभ्यास पहाटे पाचला सुरू होई. मे-जूनमध्ये जबलपुरात दुपारी कांड्या आपोआप वाकायच्या, म्हणून लाखेचं काम उन्हं वर येईपर्यंतच. लहान वस्तूंवर मला महिनाभरात जमायला लागलं. वाडगा मात्र जमेना. बाहेरून बरा यायचा. आतून मात्र काठाशी लाख जळून काळी पडायची आणि बुडाशी ती वितळायचीच नाही, खडूसारखी नुसती घासत राहायची. मिस्त्रींचाही हात अडखळत होता. त्यांचं आयुष्य भोवरे, खुळखुळे, लाटणी, खाटेचे पाय यांत गेलेलं. आठ इंची वाडगा त्यांनी आतून कधी रंगवलाच नव्हता. ते त्यांनी मोकळेपणानं सांगितलं, आणि त्याबद्दल मी त्यांना आजही मानते.

कोडं बाबांनी सोडवलं. ते बाजूच्या लेथवर काम करत ऐकत होते. खडूनं फरशीवर दोन वर्तुळं काढली. वाडग्याचा काठ आठ इंची, म्हणजे एका फेऱ्यात 25 इंच पळतो. बुडाजवळचं वर्तुळ दोन इंची, ते त्याच फेऱ्यात जेमतेम सव्वासहा इंच. फेरे तेवढेच, पण काठाशी घासण्याचा वेग चौपट. पोलाद कातताना हे गणित त्यांनी रोज केलं होतं. एकाच वेगात काठ करपणार आणि बूड थंड राहणार.

मिस्त्री बराच वेळ त्या वर्तुळांकडे बघत बसले. मग त्यांनी जे सांगितलं ते मी कधी विसरणार नाही. त्यांच्या लहानपणी घरात मोटर नव्हती. खरादाला दोरीचा वेढा असे, आई समोर बसून दोरी ओढे आणि वडील कांडी धरत. रंग धरत नाही असं दिसलं की आई ओढ वाढवायची, धूर दिसला की ढिली सोडायची. वडिलांना तोंड उघडावं लागत नसे. पुढे मोटर आली, आईचं काम सुटलं, सगळ्यांना बरं वाटलं. "मोटर को रंग नहीं दिखता, बिटिया. अम्मा को दिखता था."

पुढच्या रविवारी बाबांनी मिस्त्रींच्या खरादाला चार पायऱ्यांची पुली बसवली. पट्टा एका पायरीवरून दुसरीवर सरकवला की वेग बदलायचा. बूड सर्वांत वेगवान पायरीवर, काठ सर्वांत सावकाश. तरी अगदी मधला रुपयाएवढा ठिपका राहायचाच, कारण मध्यावर वेग नावाला असतो. तिथे मिस्त्रींनी चिमट्यात निखारा धरून लाकूड आधी ऊबदार केलं आणि मग कांडी टेकवली. दुधीचा तो वाडगा आतून पिवळा, काठाला लाल फेर. पट्टे सरकवायला मी होते. कुठे सरकवायचं ते त्यांनी बोटानंही दाखवलं नाही. आवाज ऐक, एवढंच म्हणाले. तो वाडगा बाहेर आल्यावर बाबांनी खिशातून चष्मा काढला, वाडगा उजेडात फिरवून पाहिला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. माळ्यावरची पेटी त्या संध्याकाळी त्यांनी खाली काढली आणि छत्तीसही वाडगे घासून कोरे केले.

बाकीचं भराभर झालं. एकावर एक तीन रंगांचे थर देऊन बारीक पटाशीच्या टोकानं वरचा थर खरवडायचा, म्हणजे खालचा रंग रेघ होऊन वर येतो. कांडी थरथरत्या हातानं धरली की लहरी उठतात. पावसाळ्यात दमट हवेनं लाखेवर पांढुरकी झाक येते, तेव्हा हात आवरून बसायचं. गरम आमटीला हे वाडगे चालत नाहीत, लाख मऊ पडते. फुटाणे, खारीक, प्रसाद, कुंकू, सुटे पैसे, एवढ्यासाठीच. गिऱ्हाइकाला हे आधी सांगायचं, विक्री हातची गेली तरी सांगायचं. मिस्त्रींनी हे मला एखाद्या व्रतासारखं पाळायला लावलं.

सप्टेंबरात भिंत उभी राहिली. हातगाडी आली. शिकताना मी त्यांची किती लाख जाळली, किती वाडगे करपवले, याचा हिशेब त्यांनी कधी काढला नाही, आणि बाबांनीही अंगणाच्या भाड्याचा विषय निघू दिला नाही. ग्वारीघाटावर जाऊन दोघांनी नर्मदेला नारळ वाहिला आणि येताना खोव्याची जिलेबी आणली.

त्यानंतर मात्र मी त्यांच्याकडून कांड्या विकत घ्यायला लागले आणि तो व्यवहार चोख होता. दुकानात एका फळीवर ते खडूनं उधारी लिहीत. माझ्यापुढे लिहिलेलं असे "मराठी बिटिया", आणि आकडा. मी पैसे दिले की पुसून टाकत. त्यांची नजर अधू होत गेली. मोतीबिंदूमुळे हिरवा-निळा ओळखू येईना, तर कांडी नाकाशी धरून सांगायचे. मला वाटे, हे मला बरं वाटावं म्हणून म्हणतात. एकदा पाच कांड्या लपवून पुढे केल्या. पाचही त्यांनी बरोबर ओळखल्या.

2004 च्या पावसाळ्यात एका मोठ्या मागणीसाठी मी लाल आणि पिवळ्या कांड्या उचलल्या. 340 रुपये झाले. दिवाळीला देते म्हटलं. ते म्हणाले, घाई नाही. नवरात्रात ते गेले.

तेराव्यानंतर मी पैसे घेऊन दुकानात गेले. खराद झाकलेला होता. पुली तशीच, बाबांनी तासलेल्या चार पायऱ्या झिजून चकचकीत झालेल्या. मुलानं फळी खाली काढली. बाकी सगळ्यांची नावं पुसलेली, कारण लोक येऊन देऊन गेले होते. माझी ओळ तेवढी राहिली होती. त्यांचं ते तिरपं, मोठं अक्षर. मी नोटा पुढे केल्या. त्यानं घेतल्या नाहीत. म्हणाला, हा हिशेब बाबूजींनी लिहिलाय, मी पुसू शकत नाही. मी खूप आग्रह केला. मग आम्ही दोघंही गप्प बसलो आणि त्यानं चहा मागवला.

ती फळी त्यानं पुन्हा खिळ्याला लावली. नंतर दुकानाला रंग दिला तेव्हाही ती उतरवताना अक्षरावर हात लागू दिला नाही. तो आता दारांच्या कड्या-बिजागऱ्या विकतो, लाखेचं काम करत नाही, पण कधी बुधनीला गेला की माझ्यासाठी केवड्याची पात घेऊन येतो. मी पैसे विचारले की फळीकडे बोट दाखवतो.

त्या 340 रुपयांतली एक लाल कांडी मी ठेवली आहे. चार बोटं उरली आहे. बाबा गेल्या वर्षी गेले. त्यांच्या लेथवर आता पट्टा सरकवायला माझी मुलगी बसते. परवा ती म्हणाली, "आई, थांब, आवाज बदलला." मला ऐकू आला नव्हता. मी कांडी उचलली, तिनं पट्टा खालच्या पायरीवर घेतला, आणि लाख धरली.