कर्ता आणि करविता

'करणे' आणि 'करविणे' या दोन क्रियापदांत मराठीत एकाच अक्षराचे अंतर आहे. व्यवहारात ते अंतर ओलांडण्यास माणसाची कित्येक वर्षे खर्ची पडतात. जो स्वतःच्या हाताने उत्तम काम करतो, त्याच्यावर पुढे तेच काम इतरांकडून करवून घेण्याची जबाबदारी येते. आणि ज्या हाताने त्याला नाव मिळवून दिले, तोच हात आता त्याच्या आड येऊ लागतो. भाषांतर करता करता संपादनाकडे वळलेल्या मला हा अनुभव अपरिचित नाही. परंतु त्याचे स्पष्ट रूप मला पाहावयास मिळाले ते तमिळनाडूतील कुंभकोणम येथे, माझ्या चुलतवहिनींच्या माहेरी.

वहिनी तंजावरी मराठी घराण्यातल्या. इ. स. १६७५ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावर घेतले आणि त्यानंतर जी मराठी कुटुंबे कावेरीकाठी स्थायिक झाली, त्यांपैकी हे एक. घरात बोलतात मराठीच; मात्र तिची चाल तमिळ वळणाची आणि गोड. आईचे वय झाल्यामुळे वहिनी सध्या माहेरी राहतात आणि चेन्नईच्या एका कंपनीचे काम घरूनच पाहतात. आठ वर्षे त्या प्रोग्रामर होत्या. म्हणजे संगणकाने काय करावे याच्या सूचना त्याच्या भाषेत लिहून देत असत. आता त्या 'प्रॉडक्ट मॅनेजर' आहेत.

हे पद संगणकाच्या जगात रुळले असले, तरी त्याचे मूळ साबणाच्या व्यापारात सापडते. अमेरिकेतील प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीचे नील मॅकेलरॉय यांनी १९३१ मध्ये एक टिपण लिहून असे सुचविले की, प्रत्येक मालाची पूर्ण काळजी वाहणारा एक स्वतंत्र माणूस असावा. माल कोणासाठी, कसा, त्यात काय घालावे आणि काय वगळावे, हे त्याने पाहावे. पुढे हीच कल्पना संगणक-कंपन्यांनी उचलली. गंमत अशी की, या माणसावर जबाबदारी सगळी असते. परंतु सूचना लिहिणारे, चित्रे काढणारे आणि विक्री करणारे बहुधा त्याच्या हुकमतीखाली नसतात. हुकूम चालत नाही, तेथे समजूत पटवावी लागते.

वहिनींच्या आईंना हे काही केल्या उमगत नाही. "पूर्वी तू काही लिहीत तरी होतीस. आता नुसती बोलतेस. मग दिवसभर करतेस तरी काय?" असा त्यांचा प्रश्न असतो. वहिनी हसतात, पण तो प्रश्न त्यांना मनातून लागतो, हे माझ्या लक्षात आले.

त्यांच्याकडे असलेले काम लहान दुकानदारांसाठी हिशेबाचे साधन तयार करण्याचे होते. कुंभकोणम हे पितळी भांड्यांचे गाव. वहिनी एका भांड्यांच्या दुकानात सबंध दिवस बसल्या. त्या दिवशी मीही त्यांच्याबरोबर होते. कंपनीने बनविलेल्या साधनात नग आणि किंमत यांचा गुणाकार होई. दुकानात मात्र भांडे नगावर विकले जात नव्हते, वजनावर विकले जात होते. शिवाय गिऱ्हाईक जुनी घागर घेऊन येई. तिचे वजन होई, मोडीच्या भावाने तिची किंमत ठरे आणि नव्या भांड्याच्या किमतीतून ती वजा होई. आपल्याकडेही तांबटआळीत हाच शिरस्ता आहे. त्या साधनात मोडीला जागाच नव्हती! दुकानदार तो हिशेब कागदाच्या चिटोऱ्यावर करी आणि उरलेला आकडा तेवढा यंत्रात भरी. यंत्राचा हिशेब दिसावयास चोख, पण खोटा होता.

येथे वहिनींची जुनी विद्या उपयोगी पडली. दुसऱ्या कोणी म्हटले असते, "एक रकाना वाढवा, झाले!" वहिनींनी जाणले की, ही दुरुस्ती वरवरची नाही. ज्या रचनेत दुकान फक्त विकते असे गृहीत धरले आहे, तिला दुकान त्याच पावतीवर विकतही घेते हे शिकवायचे, म्हणजे पायाच उकरावयाचा.

कुंभकोणमजवळच स्वामीमलै आहे. तेथील स्थपती पंचधातूच्या मूर्ती घडवितात. आधी मेणाची मूर्ती करतात, तिच्यावर कावेरीच्या गाळमातीचे लेप देतात, मग तापवून मेण वितळवून काढतात आणि त्या पोकळीत धातूचा रस ओततात. मेणात बोट वाकडे झाले तर ते क्षणात सरळ करता येते. धातू थिजल्यावर छिन्नीशिवाय इलाज नाही. वहिनी म्हणाल्या, "वन्सं, आमच्या धंद्यातही मेण आणि धातू असतात. कोणती गोष्ट अजून मेणात आहे आणि कोणती थिजली आहे, एवढे ओळखण्यापुरता माझा प्रोग्रामरपणा मला हवा असतो."

ओळखणे सोपे, सांगणे अवघड. कंपनीच्या वरिष्ठांनी तारीख आधीच जाहीर केली होती आणि त्यांना रंगीत आलेखांचे एक सुंदर पान हवे होते. वहिनींनी कळविले की, आलेख मागे ठेवावेत, मोड आधी घ्यावी आणि तारीख दीड महिना पुढे न्यावी. त्या पत्राने त्यांनी स्वतःची बढती पणास लावली होती. वरिष्ठांनी आलेख सोडले. पण मुदत मिळाली ती तीनच आठवड्यांची.

त्यानंतरची एक रात्र मला आठवते. पथकातील एक तरुण प्रोग्रामर याच वजाबाकीत दोन दिवस अडकून पडला होता. वहिनींनी त्याचे लेखन उघडले आणि थोड्याच वेळात त्यांना चूक दिसली. दुरुस्ती तासाभराची होती. बोटे कळफलकावर होती, मुदत डोक्यावर होती. त्यांनी संगणक मिटला आणि त्या बाहेर झोपाळ्यावर येऊन बसल्या. "मी दुरुस्त केले, तर उद्यापासून तो प्रत्येक अडचण माझ्याकडे आणील, आणि मी दुकानात जाऊन बसायचे कधी?" सकाळी त्यांनी त्याला फक्त विचारले, "मोडीचे वजन नव्या भांड्यापेक्षा जास्त भरले, तर तुझी पावती काय म्हणेल?" संध्याकाळपर्यंत त्याची गाठ सुटली होती. मुदत पाळली गेली. बढतीचे मात्र त्या वर्षी काही झाले नाही.

"पण हात गंजत जातो त्याचे काय?" असे मी विचारले. त्यांनी उत्तर दिले नाही. मला या गावच्याच एका मराठी माणसाची आठवण झाली. सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ मध्ये कुंभकोणमला झाला. मद्रासमध्ये ते गणितात चमकले; विद्यार्थिदशेत त्यांनी बांबू आणि साधी भिंगे घेऊन स्वतःच्या हातांनी दुर्बिणी बनविल्या, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढे ते त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाण झाले. त्रावणकोरचा कारभार हाती आला, तेव्हा तिजोरी कर्जात बुडालेली होती. १८७२ मध्ये त्यांनी तो सोडला, तेव्हा संस्थान कर्जमुक्त होते. दिवाणगिरीत दुर्बिणी घडविण्यास सवड कोठली? परंतु भिंग घासणाऱ्याची नजर जमाखर्चाच्या वहीवरून फिरली असेल, तेव्हा ती निराळीच फिरली असेल, असे मला वाटते.

वाचक भगिनींना हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. लेक पहिली पोळी लाटू लागते, ती वेडीवाकडी होते आणि आईचा हात आपोआप लाटण्याकडे जातो. आईला पोळी येते म्हणूनच तिला कळते की, दोष लाटण्यात नसून कणीक घट्ट भिजली आहे. तेवढे सांगून हात मागे घेणे, हेच त्या वेळचे तिचे काम होय. पाहणाऱ्याला ती नुसती उभी आहे असेच वाटेल, आणि एखादी आजी विचारीलही, की तू करतेस तरी काय!