ताऱ्यांनी उघडणारी दारे

संग्रह करणे ही माणसाची जुनी सवय आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याची तर तिच्याशी रोजच गाठ पडते. नाणी, ताम्रपट, शिलालेखांचे ठसे जमविल्याशिवाय भूतकाळ बोलत नाही. परंतु जमविलेली वस्तू केव्हा नुसती शोभेची राहते आणि केव्हा किल्ली होते, हा प्रश्न मला एका अनपेक्षित ठिकाणी भेटला. माझी मुलगी उन्हाळ्याच्या सुट्टीत ‘सुपर मारिओ ६४’ हा व्हिडिओ गेम खेळत असे आणि मी शेजारी बसून पाहत असे. आपल्या शाळेत मूल दाखल करताना प्रत्येक आईबापाच्या मनात एक प्रश्न असतो : आपले लेकरू इथून नेमके काय घेऊन बाहेर पडेल? त्या प्रश्नाचा विचार करताना मला या खेळाची मदत झाली, म्हणून स्मरणिकेसाठी हा विषय निवडला.

उड्या मारीत, कडे-कपाऱ्या ओलांडीत पुढे जाण्याच्या या खेळांना प्लॅटफॉर्म गेम म्हणतात. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८५ मध्ये काढलेल्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये मारिओ वाटेतली नाणी गोळा करतो. शंभर नाणी झाली की एक जादा जीव मिळतो. पण नाणे न घेताही वाट संपविता येते. १९९६ मध्ये शिगेरू मियामोतो यांच्या दिग्दर्शनाखाली तयार झालेल्या ‘सुपर मारिओ ६४’ने ही रचना बदलली. बाउझर नावाच्या खलनायकाने राजकन्येच्या राजवाड्यातील तारे लुटून ठिकठिकाणी दडविलेले असतात. भिंतीवरच्या चित्रांत उडी मारून मारिओ निरनिराळ्या जगांत शिरतो आणि ते तारे परत आणतो. अशी पंधरा जगे, प्रत्येकात सात तारे. शिवाय राजवाड्यात दडलेले पंधरा. एकूण १२०.

या खेळातही नाणी आहेत. ती घेतली की मारिओची खचलेली शक्ती भरून येते. पण चित्राबाहेर पडताच हातातली नाणी शून्य होतात. तारा मात्र एकदा मिळाला आणि त्याची नोंद झाली की तो कायमचा. सगळे जीव संपून डाव हरला तरी नोंदलेला तारा जात नाही, आणि दार उघडताना तो खर्चही होत नाही. परीक्षेचे गुण आणि विषयाची समज यांतील फरक मुलांना कसा सांगावा, हा शिक्षकाचा नेहमीचा पेच. वर्ग बदलला की गुण मागे राहतात; समज सोबत येते. मात्र नाण्यांना तुच्छ लेखण्याचेही कारण नाही. एकाच जगात शंभर नाणी जमविली तर त्यांचाही एक तारा होतो.

मला अधिक मोलाची वाटली ती या खेळाने दिलेली मोकळीक. राजवाड्यातील मोठ्या ताऱ्यांच्या दारांना ठरावीक आकडे लागतात : ८, ३०, ५०, ७०. तारे कमी असतील तर अजून किती हवेत, हे दार स्पष्ट सांगते. कोणते तारे, कोणत्या क्रमाने, हे मात्र ते विचारीत नाही. एक तारा हाती लागत नसेल तर खेळाडू तो सोडून दुसऱ्या चित्रात शिरतो आणि तयारी वाढली की परत येतो. शेवटच्या दारालाही १२० नव्हे, ७० तारे पुरतात. आठवीतील एका मुलाची मला इथे आठवण झाली. त्याचे आईवडील ऊसतोडीला जात. अपूर्णांकांपाशी तो असा अडला की शाळा सोडून फडावर जायचे म्हणू लागला. आम्ही शिक्षकांनी काही आठवडे अपूर्णांक बाजूला ठेवले आणि त्याला भूमिती व नकाशावाचन दिले. नकाशाचे प्रमाण काढता काढता तो पुन्हा अपूर्णांकांपाशी पोहोचला, तेव्हा त्याची भीती बरीच ओसरली होती. तो दहावी झाला. एका धड्यापाशी अडलेल्या मुलाला संपूर्ण शिक्षणच नाकारणारी शाळा ही एकच वाट असलेला खेळ ठरते.

मजले आणि दारे म्हटली की आंबेडकरी माणसाला ‘मूकनायक’ आठवल्याशिवाय राहत नाही. ३१ जानेवारी १९२० च्या पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला जिना नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली. ज्या मजल्यावर जन्म, त्याच मजल्यावर मरण. १९३० मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिराची दारे सत्याग्रहींपुढे बंद झाली, तेव्हा त्यांच्या आड जन्म उभा होता. आणि जन्म कष्टाने जमविता येत नाही. खेळातले दार कुळ विचारीत नाही, आकडा विचारते. शिवाय तिथले तारे कुणाची कृपा नसतात. जे लुटले गेले होते, तेच परत मिळवायचे असते. हक्क आणि दान यांतील हा भेद आमच्या मुलांनी मनात पक्का धरावा असे मला वाटते.

परंतु खेळाचा न्याय तिथेच पुरा होत नाही. सत्तर तारे नसताना मारिओ शेवटच्या जिन्यावर धावू लागला, तर जिना संपतच नाही. सोबतचे संगीत सतत चढत गेल्याचा भास होतो. मागे वळून पाहावे तर तो पायथ्याशीच असतो. पदवी हाती असून कामाच्या दारापर्यंत न पोहोचलेले तरुण आपण वस्त्यावस्त्यांत पाहतो. त्यांचे धावणे खोटे नसते. जिना चढविणारे आणखी काय हवे, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते, किंवा ते मिळण्याची सोय नसते. खेळात प्रत्येक खेळाडूची सुरुवात शून्य ताऱ्यांनी आणि सारख्याच जिवांनी होते. प्रत्यक्षात एका मुलाच्या घरी स्वतंत्र टेबल आणि दिवा असतो; दुसऱ्याचे दप्तर कोपीत भिजते. अशा दोघांपुढे एकच आकडा लिहिलेले दार ठेवणे म्हणजे अर्धाच न्याय.

उरलेला अर्धा न्याय वसतिगृह करते. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले, त्यामागची दृष्टी हीच होती. दोन वेळचे जेवण, रात्रीचा दिवा, अभ्यासाची ठरलेली वेळ आणि अडल्यावर विचारायला जवळ असलेले माणूस. या गोष्टी गुणपत्रिकेत दिसत नाहीत. परंतु तारे मिळविण्याची शर्यत त्यांच्यामुळेच बरोबरीची होते. म्हणून पालकांना माझी विनंती आहे की सुट्टीत घरी आलेल्या मुलाला केवळ टक्के विचारू नका. यंदा कोणते नवे दार उघडले आणि कुठे अडले आहे, हेही विचारा.

माजी विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट उरते. खेळातील तारा एका खेळाडूला दुसऱ्याच्या खात्यात घालता येत नाही. आपल्याला ती अडचण नाही. तुमच्यापैकी कुणी परिचारिका आहे, कुणी वकील, कुणी वीज मंडळात, कुणी बँकेत. ज्या दारातून तुम्ही आत गेलात, त्यावर कोणता आकडा लिहिलेला होता, तो कसा जमविला, कुठे अडलात, हे वर्षातून एकदा वसतिगृहात येऊन सांगा. आमच्या दहावीच्या मुलामुलींना सध्या त्या आकड्यांचीच गरज आहे.

जय भीम. नमो बुद्धाय.