जरा माझी बंदूक ठेवशील?

मित्रांनी माझ्याकडे आजवर काय काय ठेवलंय! घराच्या चाव्या, तुळशीच्या कुंड्या, एकदा तर दोन मांजरं. एकाची बुलेट सहा महिने आमच्या बिल्डिंगखाली उभी होती. 'नाही' म्हणणं आपल्याला जमत नाही, बॉस! पण जून २०२४मधल्या एका रात्री साडेअकराला शेठचा फोन आला, ''काही दिवस माझी बंदूक तुझ्याकडे ठेवशील?''

शेठ म्हणजे माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याच्या वडिलांचे भिवंडीत यंत्रमाग होते, म्हणून आम्ही चिडवायला ठेवलेलं नाव. बंदूकही वडिलांचीच, बारा बोअरची डबल बॅरल. त्यांनी सत्तरी ओलांडल्यावर रीतसर अर्ज करून शेठने परवाना आपल्या नावावर करून घेतला होता. त्याने ती कधी झाडल्याचं मला आठवत नाही. खंडेनवमीला हार घालायचा, एवढाच तिचा उपयोग. लोकसभेची आचारसंहिता लागली तेव्हा ती पोलिस ठाण्यात जमा झाली होती आणि निकालानंतर नुकतीच घरी आली होती.

मला वाटलं, साहेब फिरायला निघाले असतील. विचारलं, ''कुठे दौरा?''

''कुठे नाही. घरात नको वाटतेय रे ती.''

पुढे तो काहीच बोलला नाही. शेठ आणि गप्प? आदल्या दिवाळीत त्याचे माग भंगारात गेले होते, सुताच्या व्यापाऱ्याची देणी बाकी होती, बायको-मुलं माहेरी होती. हे सगळं मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि कळणं वेगळं. मला त्या क्षणी कळलं.

''ठेवतो की! येतोच,'' म्हटलं आणि कल्याणहून रिक्षा पकडली. राजनोली नाक्यावर रात्री बारालाही गोदामांकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग. तिथे अडकल्या अडकल्या वकील मावसभावाला फोन लावला. बंदूक पिशवीतून आणू की चादरीत गुंडाळून, एवढंच मला विचारायचं होतं.

तो ताडकन म्हणाला, ''हात लावू नकोस!''

मग त्याने झोपेतच माझा क्लास घेतला. परवाना माणसाचा असतो आणि त्यात नेमक्या हत्याराची नोंद असते. मित्राची बंदूक सांभाळायला घेतली, तरी कायद्याच्या नजरेत ती विनापरवाना बाळगणंच. परवानाधारक सोबत असेल किंवा त्याने लेखी अधिकार दिला असेल तर दुसऱ्याला ती नेता येते. पण तीही दुरुस्तीला, परवान्याच्या नूतनीकरणाला किंवा त्या धारकाच्याच वापरासाठी. आपल्या कपाटात ठेवायला नाही. काडतुसंही नाहीत. २०१९च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान दोन आणि कमाल पाच वर्षं कैद आहे, वर दंड.

''संजय दत्त आठवतो ना?'' तो म्हणाला. आता संजय दत्तची शस्त्रं मुळातच बेकायदा होती, त्यातली एक तर एके-५६. आमची बंदूक सरळमार्गी. पण मुद्दा कळला. दहशतवादाच्या आरोपातून तो सुटला, तरी शस्त्र बाळगल्याबद्दल २०१३मध्ये सुप्रीम कोर्टाने पाच वर्षांची शिक्षा सुनावली आणि २०१६मध्ये तो बाहेर आला.

''मग करू काय?'' मी जवळजवळ ओरडलोच. रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं.

''बंदूक जमा करायची. पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे. विक्रेता सांभाळण्याचे पैसे घेतो. दोन्हीकडे पावती मिळते. त्याची बंदूक त्यानेच न्यायची, तू फक्त बरोबर जा. आणि आजची रात्र त्याला एकटा सोडू नकोस.''

सोडला नाही. बंदूक आतल्या खोलीतल्या कपाटात, आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत. चहा झाला, पत्ते झाले, शाळेतल्या मास्तरांच्या नकला झाल्या. तीनच्या सुमारास मी सरळ विचारलं, ''मरायचा विचार येतो का?'' असं विचारलं की विचार नसला तरी डोक्यात शिरतो, असं मलाही वाटायचं. तसं नसतं. शेठ बराच वेळ रडला. मग म्हणाला, ''येतो आणि जातो. पण ती घरात असताना आला तर?''

त्याला मदत हवी होती आणि ती मागायला त्याच्याकडे बंदुकीचं निमित्त होतं. मी कायदा सांगून फोन ठेवला असता तर?

मी १४४१६ फिरवून फोन त्याच्या हातात दिला. टेली-मानस. २०२२मध्ये सुरू झालेली सरकारी हेल्पलाइन. फुकट, चोवीस तास आणि मराठीतही. पंचवीस मिनिटं बोलला. पुढच्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जाणं सुरू झालं.

सकाळी बंदूक रिकामी असल्याची खात्री त्यानेच केली, परवाना आणि अर्ज घेतला आणि आम्ही पोलिस ठाण्यात गेलो. रजिस्टरवरचे हवालदार चकित. ''आत्ताच तर घेऊन गेलात!''

वाटेत आम्ही दहा कारणं पाठ केली होती. रंगकाम, वाळवी, मुलं लहान... शेठ म्हणाला, ''घरात नको वाटते, साहेब.''

हवालदारांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. ''बसा,'' म्हणाले आणि दोन चहा सांगितले. मग नंबर तपासला, काडतुसं मोजली, नोंद केली, सही घेतली. बस्स. 'लोक काय म्हणतील' हा प्रश्न तिथे कुणी काढलाच नाही.

आज शेठ एका गोदामात सुपरवायझर आहे. देणं अजून फिटतंय. बंदूक नंतर शस्त्रविक्रेत्याकडे गेली आणि अजून तिथेच आहे. परत कधी आणणार, हे मी विचारत नाही. डॉक्टरांची तारीख मात्र न चुकता विचारतो.

त्या दिवशी ठाण्याबाहेर त्याने पावतीची झेरॉक्स काढून माझ्या खिशात कोंबली. ''घे. तुझ्याकडे काहीतरी ठेवायचंच होतं ना!''

ती अजून माझ्या पाकिटात आहे. ती बाळगायला परवाना लागत नाही.